जिवंतपणी किती जवळ

आपल्याकडे माणूस गेला की तो देवाघरी गेला म्हणतात. आम्ही ख्रिस्ती लोक ‘प्रभूत निजला’ म्हणतो, कबरीच्या दगडावर तसंच कोरतो. पण गावात वावरताना आमच्याही तोंडात देवाघरी गेला हेच येतं. माझी आजी या बोलण्याला एक पुस्ती जोडायची. कुणाच्या मयतीला बसून आली की ओट्यावर पाय धुता धुता म्हणायची, “मेल्यावर काय, समदेच जात्यात देवाघरी. जित्तेपणी किती जवळ जायचं, ते ज्याचं त्यानं बघावं.”

लहानपणी मला वाटायचं, ही देवळाबद्दल बोलते आहे. आमची वस्ती निफाड तालुक्यातली, देऊळ चार कोसांवर. (ख्रिस्ती मंदिराला आम्ही देऊळच म्हणतो. चर्च हा शब्द शहरातून आला आणि अजून पाहुण्यासारखाच राहतो.) रविवारी बैलगाडी जुंपून उपासनेला जायचं, म्हणजे देवाच्या जवळ जायचं, असा माझा सरळ हिशोब होता. आजीचा हिशोब वेगळा होता, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

तिला वाचता येत नव्हतं. मी दुसरी-तिसरीत असेन, तेव्हापासून रोज पहाटे मला उठवून ती शास्त्रातली एक ओळ वाचून घ्यायची. एकच. मी हौसेनं पुढं वाचायला लागलो की हात वर करायची. “बास. एवढंच खाऊ दे.” मग ती ओळ दिवसभर तिच्याबरोबर असायची. कांद्याच्या वाफ्यात खुरपताना, शेणी थापताना ती मध्येच पुटपुटायची. शब्द मागंपुढं व्हायचे, अर्थ होत नसे. दुपारी मी शाळेतून आलो की विचारायची, “सकाळी तू दिलेलं ते कुठवर व्हतं रे?” जणू भाकरी अर्धी खाऊन फडक्यात बांधून ठेवली होती, आणि उरलेली कुठं ठेवली ते विसरली होती.

पुढं कॉलेजात असताना सतराव्या शतकातल्या ब्रदर लॉरेन्सबद्दल वाचलं. पॅरिसच्या एका मठात तो स्वयंपाकघरात राबायचा, आणि भांडी घासताना देव जितका जवळ असतो तितकाच प्रार्थनेच्या वेळी असतो असं मानायचा. वाचून मला मोठा शोध लागल्यासारखं झालं. मग हसू आलं. आपल्याकडे जनाबाईनं जात्यावर, सावता माळ्यानं मळ्यात हेच केलं, आणि माझ्या घरात तर हे रोज चाललं होतं. आजीला लॉरेन्स सांगितला तेव्हा तिनं एवढंच विचारलं, “त्याला मजुरी किती व्हती?”

आता खरा प्रश्न. देवाच्या जवळ जाणं ही आपण ठरवून करायची गोष्ट आहे का? आमच्या मंडळीत यावर दोन तट आहेत. एक म्हणतो, सगळी कृपा आहे, माणसाच्या हातात काही नाही. तोच ओढतो, तेव्हा आपण जातो. दुसरा तट याकोबाच्या पत्रावर बोट ठेवतो. तिथं पहिलं पाऊल माणसाकडून मागितलं आहे. तुम्ही सरका, मग तोही सरकेल, अशा अर्थाचं. आमच्याकडे येऊन गेलेल्या एका पाळकसाहेबांनी या दोन्हींचा मेळ घालायला पाऊण तास घेतला होता. मागच्या बाकावरची पोरं झोपली.

मला शेतकरी म्हणून हा प्रश्न फारसा अडत नाही. कालव्याला आवर्तन कधी सुटेल, हे आमच्या हातात नाही. ते वर ठरतं, आणि कितीही अर्ज केले तरी धरणात पाणी नसेल तर येत नाही. पण पाणी आल्यावर रात्री दोन वाजता उठून, चिखलात उभं राहून दारं धरायची की गोधडी ओढून घ्यायची, ते माझ्या हातात आहे. जो निजला त्याच्या शेजारून पाणी वाहून जातं. पाणी मी आणलं असं कुणी म्हणत नाही. पण दारं कुणी धरली हे सगळ्या शिवाराला माहीत असतं.

यात एक अडचण आहे, आणि ती मी टाळणार नाही. दारं धरायला उठलं आणि पाणी आलंच नाही, तर? आवर्तनाचं असं होतं. प्रार्थनेचंही होतं.

२०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिक जिल्ह्यात गारपीट झाली, ती पुष्कळांना आठवत असेल. आमची द्राक्षबाग तेव्हा काढणीला आलेली होती. व्यापारी येऊन बाग पाहून गेला होता, भाव ठरल्यातच जमा होता. दुपारी आभाळ काळं झालं आणि पाव तासात सगळं संपलं. घड फुटून मांडवाखाली रसाचा चिखल झाला. काड्या सोलून निघाल्या, म्हणजे पुढच्या वर्षाचीही आशा गेली. आंबूस वास आठ दिवस वस्तीवरून हलला नाही. मधमाश्या आल्या, मग चिलटं आली, मग पंचनाम्याला माणसं आली.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, तेव्हा सत्तरीच्या जवळ होते. आमच्या घरी संध्याकाळी दिवेलागणीला सगळ्यांनी बसून प्रार्थना करायची रीत. एक गीत, थोडं वाचन, आणि शेवटी दादा मोठ्यानं प्रार्थना करायचे. गारपीट झाली त्या संध्याकाळी ते आले, नेहमीच्या जागेवर बसले. गीत झालं. वाचन झालं. त्यांची पाळी आली, आणि ते बोलले नाहीत. आम्ही वाट पाहिली. शेवटी आईनं आमेन म्हटलं.

असं सव्वा महिना चाललं. रोज येऊन बसायचे. टोपी काढून मांडीवर ठेवायचे. तोंड मात्र उघडायचे नाहीत. माझा धाकटा भाऊ एकदा चिडून म्हणाला, “बोलायचं नाय तर बसता कशाला मग?” दादांनी त्याच्याकडं पाहिलं. “बोलायला काय नाय म्हणून उठून जाऊ व्हय? भांडान झालं तरी माणूस घरीच येतो ना?”

या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. देवाच्या जवळ असणं म्हणजे मनात गोड वाटणं, डोळ्यांत पाणी येणं, गाताना अंगावर काटा उभा राहणं, असं आपण सहसा धरून चालतो. तसं होतं, नाही असं नाही. फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेत मी ते पाहिलेलं आहे. मुंबईहून, गोव्याहून आलेली माणसं मेणबत्ती हातात धरून रडतात, आणि त्यात खोटं काही नसतं. पण ते येतं आणि जातं. दादांच्या मनात तेव्हा गोड काहीच नव्हतं. राग होता, आणि तो कुणावर होता हे सांगायची गरज नाही. तरी त्या रागासकट ते रोज त्याच्यासमोर जाऊन बसत होते. भावना त्यांच्या हातात नव्हती, पाय होते. त्यांनी पायांचं तेवढं ठरवलं.

आणखी एक गोष्ट त्यांनी ठरवली. बागेत थिनिंगला, काढणीला पेठ-सुरगाण्याकडची आदिवासी कुटुंबं यायची. त्या वर्षीही पाच कुटुंबं शेडात राहायला होती आणि त्यांची काही आठवड्यांची मजुरी थकलेली होती. माल विकला की हिशोब, असाच रिवाज. माल तर मातीत गेला. शिवारात बऱ्याच ठिकाणी मजुरांना सांगितलं गेलं, पुढच्या हंगामाला बघू. सांगणारे वाईट होते असं मी म्हणत नाही. त्यांच्याकडं खरंच नव्हतं. आमच्याकडंही नव्हतं. दादांनी दुभती गाय विकली आणि पाचही घरांचे पैसे चुकते केले. सोसायटीचं कर्ज तसंच राहिलं. धाकटा म्हणाला, सोसायटीचं व्याज चढतंय ते दिसत नाही का? दादा म्हणाले, “सोसायटी थांबती. त्यांची चूल नाय थांबायची.”

त्या काळात त्यांनी तोंडानं एक शब्द प्रार्थना केली नव्हती, हे लक्षात घ्या. सव्वा महिन्यानं एका संध्याकाळी ते बोलले ते असं: त्या मजुरांपैकी एका बाईचं लेकरू तापानं आजारी होतं, त्याला बरं कर. एवढंच. बागेचं नाव नाही, नुकसानीचं नाव नाही. लेकरू बरं झालं की नाही, ते आम्हाला कधी कळलं नाही. ती माणसं तोवर गावी परतली होती.

माझी मुलगी पुण्यात नोकरी करते. तिला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “बाबा, ही श्रद्धा नाही, सवय आहे. आजोबा रोज बसायचे म्हणून बसले.” तिचं म्हणणं मी उडवून लावत नाही. नुसत्या सवयीनं देवळात येणारी माणसं मीही पाहतो. उपदेश चालू असताना मोबाईलवर कांद्याचे भाव बघतात. तरीही मला वाटतं, सवयीला आपण उगाच हिणवतो. सवय म्हणजे कधीतरी शुद्धीवर असताना केलेली निवड, ती शुद्ध हरपल्यावरही आपल्याला धरून ठेवते. दादांनी पन्नास वर्षांपूर्वी केव्हातरी त्या जागेवर बसायचं ठरवलं असेल. गारपिटीच्या संध्याकाळी नव्यानं ठरवायची वेळ आली असती तर ते बसले असते का, कोण जाणे.

नाशिकच्या मातीत जवळ जाण्याची एक थोर हकिकत आहे आणि ती लक्ष्मीबाई टिळकांची. गंगेकाठचं जलालपूर हे त्यांचं माहेर, नाशिकहून फार दूर नाही. (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो.) वडिलांचं सोवळं इतकं कडक, की त्याच्या हकिकती स्मृतिचित्रांत वाचताना हसावं की रडावं कळत नाही. नवरा कवी, ना. वा. टिळक. आगगाडीच्या प्रवासात एका अनोळखी गोऱ्या माणसानं त्यांच्या हाती नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथून त्यांना पुस्तक सोडवेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इकडं बायकोचं जगच मोडलं. लेकरू घेऊन त्या नातलगांकडं राहिल्या. त्यांचा बाप्तिस्मा झाला १९०० साली.

लोक टिळकांच्या आगगाडीची गोष्ट सांगतात, कारण ती गोष्टीसारखी आहे. मला ही मधली पाच वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. लक्ष्मीबाई नवऱ्यामागून ओढल्या गेल्या नाहीत. त्या भांडल्या, रुसल्या, वेगळ्या राहिल्या, नवऱ्याकडं परतल्यावरही आपली चूल आणि आपलं पाणी वेगळं ठेवून होत्या. मग माणसा-माणसांतला भेद देवानं केला की माणसानं, याचा त्यांनी स्वतःशी विचार केला, आणि कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं. हे त्यांचं पाऊल बाप्तिस्म्याच्या आधीचं आहे. देवाच्या जवळ त्या गेल्या त्या आधी माणसाच्या जवळ जाऊन. सोवळ्यात वाढलेल्या बाईला हातातला पाण्याचा पेला किती जड झाला असेल, त्याची कल्पना आज येणार नाही. आमच्या घरात येते, कारण आमचे पूर्वज त्या पेल्याच्या दुसऱ्या बाजूला होते. पणजोबांना गावच्या विहिरीवर वरून ओंजळीत पाणी घालत.

शरणपूरही इथलंच. चर्च मिशनरी सोसायटीनं एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला नाशिकच्या वेशीबाहेर वसवलेली ती ख्रिस्ती वस्ती. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलंही तिथं शिकली. त्यांच्यातला जेकब वेनराइट पुढं लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या प्रवासात सामील झाला. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन मेला तेव्हा त्याच्या माणसांनी तो देह शेकडो मैल चालत समुद्रापर्यंत आणला. मेलेल्या माणसाची साथ सोडायला तेव्हा कुणी त्यांना नावं ठेवली नसती. आज शरणपूर रोडवर दुकानं आणि वाहनं इतकी आहेत की नावातला ‘शरण’ कुणाला ऐकू येत नाही. मला तो शब्द आवडतो. शरण जावं लागतं, नुसतं असून चालत नाही. त्यात चालणं आहे.

आता माझं स्वतःचं. हे लिहायचं की नाही, यावर मी बराच काळ काढला.

दादांच्या आणि धाकट्या चुलत्यांच्या, तात्यांच्या, वाटण्या झाल्या त्याला तीस वर्षं झाली. मधला बांध सरकत सरकत आमच्या बाजूला आला. दादा होते तोवर ते बोलले नाहीत. ते गेल्यावर आम्ही भावांनी सरकारी मोजणी आणली. मोजणीदारानं दगड रोवले; दीड गुंठा आमचा निघाला. तात्यांनी ते मानलं नाही. वकील झाला, तारखा झाल्या. तात्यांचं आणि आमचं बोलणं बंद होऊन सहा वर्षं झाली. एकच देऊळ, एकच उपासना. ते डाव्या बाजूच्या बाकांवर, आम्ही उजव्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. एकाच प्याल्यातून, एकाच भाकरीतून आम्ही घेतो, आणि बाहेर येऊन वेगवेगळ्या वाटांनी घरी जातो.

ज्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी टिळक अडकले, त्यातच वेदीजवळ अर्पण ठेवून आधी भावाकडं जा, असं सांगणारी जागा आहे. ती वाचताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. तुझा भावावर राग असेल तर जा, असं तिथं म्हटलेलं नाही. भावाच्या मनात तुझ्याविषयी काही असेल, तर जा. बरोबर कोण, चुकलं कोण, हा प्रश्नच तिथं काढलेला नाही. मोजणी माझ्या बाजूची आहे, कागद माझ्या बाजूचा आहे. सहा वर्षं मी त्या कागदासकट वेदीपाशी जातो आहे. कागद खरा आहे. पण खरा कागद हातात असलेला माणूस देवाच्या जवळ असतोच असं काही नाही, आणि हा मला मोठा कठीण विचार वाटतो, कारण खोट्या माणसाला पश्चात्तापाची वाट तरी असते. बरोबर असलेल्या माणसानं कुठून सुरुवात करायची?

बायको म्हणाली, “आपण का म्हणून जायचं? त्यांनी यावं. वयानं मोठे आहेत, समजायला नको?” तिचं चूक नाही. या सहा वर्षांत तात्यांकडच्या बायकांनी तिला पाणवठ्यावर काय काय ऐकवलं, ते मला माहीत आहे. शिवाय मी गेलो तर लोक म्हणतील, केस ढिली पडली असणार. माझ्या वकिलाचंही हेच मत होतं. त्यानं फी मात्र आधीच घेतली होती.

दीड गुंठा सोडायचा की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही. क्षमा म्हणजे सातबारा बदलून देणं, असं मी मानत नाही. धाकट्या भावाचाही त्यात वाटा आहे, आणि माझ्या धर्मासाठी त्याची जमीन उदार होऊन देणं ही उदारता नव्हे. पण बोलणं बंद ठेवायचा हक्क मोजणीदारानं मला दिला नव्हता. तो मीच घेतला होता, आणि तात्यांनीही. तो परत करायला कुणाची सही लागत नाही.

गेल्या महिन्यात, पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी, दुपारी चारच्या सुमाराला मी बांध ओलांडून गेलो. तात्या चाळीपुढं बारदानावर बसून उन्हाळ कांदा निवडत होते. चांगला एकीकडं, गोल्टी एकीकडं, सडका मागं. त्यांनी मान वर केली, परत खाली घातली. कुत्रं भुंकलं, त्याला हाड केलं. मी समोर बसलो आणि कांदा निवडायला घेतला. हात रिकामे ठेवून तिथं बसताच आलं नसतं.

बराच वेळ आम्ही नुसतेच निवडत होतो. मग ते म्हणाले, लासलगावला परवा काय निघाला? मी भाव सांगितला. ते म्हणाले, खळ्यावर गेल्यावर तोडत्यात लेकाचे. मी म्हटलं, तोडतात. बांधाचं त्यांनी काढलं नाही, मी काढलं नाही. काकू चहा घेऊन आल्या आणि कप माझ्यासमोर जरा जोरातच ठेवला. साखर जास्त होती. मला चहा गोड लागतो, हे त्यांना आठवत होतं.

उठताना तात्या भिंतीला धरून उठले. गुडघे गेलेत त्यांचे, हे मला लांबून दिसत होतं, जवळून नीट दिसलं. “उद्या जायचंय ना देवळात?” त्यांनी विचारलं. “पोरगं नाशिकला गेलंय गाडी घेऊन.”

“सकाळी आठला निघू,” मी म्हटलं.

“साडेसातला ये. मला चढाया येळ लागतो.”